गाठीच्या लालीचं कूळ

रायगड जिल्ह्यातल्या खारघरला टाटा मेमोरियलचं ‘ॲक्ट्रेक’ हे कर्करोग केंद्र आहे. तिथे मेंदूतली ग्लायोमा प्रकारची घातक गाठ काढताना सर्जन मायक्रोस्कोपचा पांढरा उजेड बंद करून निळा लावतात, आणि मघाशी सारखाच करडा दिसणारा भाग वेगळा होतो: निरोगी मेंदू निळसर, गाठ लालभडक, कडेला फिकट गुलाबी पट्टा. या तंत्राचं मूळ बहुतेक वेळा 1948 मध्ये दाखवलं जातं. मिनेसोटाच्या जॉर्ज मूर यांनी तेव्हा मेंदूतल्या गाठी शोधायला फ्लोरेसीन वापरलं. हे रंगद्रव्य जर्मन रसायनशास्त्रज्ञ बायर यांनी 1871 मध्येच बनवलं होतं. मला ही वंशावळ पटत नाही. फ्लोरेसीन शिरेतून देतात आणि गाठीतल्या रक्तवाहिन्यांची भिंत कमकुवत झालेली असते तिथून ते झिरपतं. म्हणजे ते मुख्यतः गळती दाखवतं. सुजलेल्या भागातही ते पसरू शकतं. लाल रंग मात्र बाहेरून येतच नाही. भूल देण्याच्या सुमारे तीन तास आधी रुग्णाला किलोमागे 20 मिलिग्रॅम 5-एएलए हे द्रव्य पाजतात. शरीरात हीम (हिमोग्लोबिनचा लोहयुक्त भाग) तयार होतं त्या साखळीतला हा कच्चा माल. गाठीच्या पेशींत लोह बसवण्याची शेवटची पायरी रेंगाळते, प्रोटोपॉर्फिरिन साचतं, आणि तेच लाल चमकतं. म्हणून याचा खरा पूर्वज मला 1924 मध्ये दिसतो: फ्रान्सच्या पोलिकार यांनी अतिनील दिव्याखाली गाठींतली पॉर्फिरिनची लाली टिपली होती. म्युनिकच्या श्टुमर यांनी 1998 मध्ये तीच वाट मेंदूच्या शस्त्रक्रियेत आणली.

कोणी म्हणेल, दिसल्याशी कारण, कूळ कशाला? कारण किमतीचा प्रश्न याच फरकावर उभा आहे. 5-एएलए महाग, तर फ्लोरेसीन डोळ्यांच्या तपासणीत रोज वापरलं जाणारं स्वस्त औषध. ते वापरायला हरकत नाही, पण दोन्ही एकच मानून नव्हे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: याने रुग्ण जास्त जगतो का? श्टुमर यांच्या 2006 च्या चाचणीत एमआरआयमध्ये कॉन्ट्रास्टने उजळणारी गाठ पूर्ण निघण्याचं प्रमाण 36 वरून 65 टक्क्यांवर गेलं, सहा महिने आजार न बळावलेले रुग्ण 21 वरून 41 टक्के झाले. एकूण आयुष्यात मात्र ठोस फरक दिसला नाही. हे मान्यच करायला हवं. पण चाचणीची मुख्य मोजमापं पहिली दोनच होती, आणि नंतरच्या विश्लेषणात गाठीचा अवशेष न उरलेले रुग्ण मध्यक हिशेबाने 16.7 महिने जगले, अवशेष उरलेले 11.8. अर्थात लाली सगळं सांगत नाही. सौम्य ग्लायोमा बहुधा चमकत नाहीत, आणि रक्ताखाली वा मेंदूच्या घडीआड दडलेली गाठ निळ्या उजेडालाही दिसत नाही. टाटा मेमोरियलच्या न्यूरोसर्जरीतील अलियासगर मोइयादी यांनी म्हणूनच या प्रकाशाला नॅव्हिगेशनसहित अल्ट्रासाउंडची जोड देण्याचा आग्रह धरला आहे: खोलवरचं आवाजाने पाहायचं, पृष्ठभागावरचं उजेडाने.