न दिसणारे बटण : क्लिकजॅकिंगचा संक्षिप्त इतिहास

१/ इ. स. २००८चा सप्टेंबर. न्यूयॉर्क येथे ‘ओवास्प’ या संस्थेची संगणक-सुरक्षा परिषद भरणार होती. रॉबर्ट हॅन्सन आणि जेरेमाया ग्रॉसमन या संशोधकांचे तेथे ठरलेले व्याख्यान मागे घेण्यात आले. त्यांना सापडलेल्या दोषाची झळ अडोबीच्या फ्लॅश प्लेअरलाही बसत होती आणि दुरुस्तीसाठी कंपनीला अवधी हवा होता. या दोषाला दोघांनी नाव दिले होते : क्लिकजॅकिंग. त्याचीच ही हकिगत.

२/ या हल्ल्याची मुळे दोन निरुपद्रवी सोयींत आहेत. एका वेबपानाच्या पोटात दुसरे पान दाखवणारी चौकट, म्हणजे आयफ्रेम, १९९७ साली एचटीएमएल ४.० या मानकात समाविष्ट झाली. पुढे पानावरील कोणताही घटक पारदर्शक करण्याची सोयही ब्राउझरांत आली. दोन्ही सोयी उपयुक्तच. पण त्या एकत्र आल्या आणि विपरीत घडले.

३/ समजा, तुमच्यासमोर ‘बक्षीस मिळवा’ असे बटण आहे. त्याच्यावर काचेसारखे पारदर्शक असे दुसऱ्याच संकेतस्थळाचे खरे पान पसरलेले आहे आणि तिथले ‘खाते बंद करा’ हे बटण नेमके बक्षिसाच्या जागी येते. तुम्ही बक्षिसावर क्लिक करता. ते पोहोचते खाते बंद करणाऱ्या बटणावर. तुम्ही तेथे आधीच लॉगिन केलेले असल्याने ब्राउझर तुमची ओळख पटवणारी कुकीही सोबत पाठवतो. पासवर्ड चोरीला गेलेला नसतो. सही खरी असते. कागद मात्र बदललेला असतो.

४/ या फसवणुकीचे तत्त्व इंटरनेटच्या प्रसाराआधीच नोंदले गेले होते. १९८८ साली नॉर्म हार्डी यांनी टाइमशेअर या कंपनीतील एक घटना लिहून ठेवली. तेथील कंपायलरला स्वतःच्या नोंदी लिहिता याव्यात म्हणून एका संरक्षित विभागात लिहिण्याची मुभा होती. बिलांची फाइलही त्याच विभागात होती. एका वापरकर्त्याने आपले आउटपुट लिहिण्यासाठी त्याच फाइलचे नाव दिले. कंपायलरने ते निमूटपणे तिच्यावर लिहिले आणि बिलांची माहिती नष्ट झाली. अधिकार कंपायलरचा, इच्छा दुसऱ्याची! हार्डी यांनी त्याला ‘गोंधळलेला मुखत्यार’ म्हटले. क्लिकजॅकिंगमध्ये हा मुखत्यार म्हणजे आपला ब्राउझर.

५/ इशारा मिळाला नव्हता असेही नाही. पारदर्शक चौकटीतून वापरकर्त्याचे क्लिक भलतीकडे वळवता येते, हे २००२ सालीच निदर्शनास आणले गेले होते. मात्र त्याकडे गंभीर धोका म्हणून फारसे कोणी पाहिले नाही. सहा वर्षे अशीच गेली.

६/ ऑक्टोबर २००८मध्ये तपशील उघड झाला. एका प्रात्यक्षिकात साधा खेळ होता : सरकणाऱ्या बटणावर क्लिक करत राहायचे. त्यांतील काही क्लिक प्रत्यक्षात फ्लॅशच्या अदृश्य सेटिंग-पानावर पडत आणि खेळणाऱ्याचा वेबकॅम सुरू होई. अडोबीने त्याच महिन्यात आलेल्या फ्लॅश प्लेअर १०मध्ये हा मार्ग बंद केला.

७/ फेब्रुवारी २००९मध्ये ट्विटरवर ‘क्लिक करू नका’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आणि सोबत एक दुवा वणव्यासारखा पसरला. दुव्यामागच्या पानावरील बटण कुतूहलाने दाबले की तोच संदेश दाबणाऱ्याच्या खात्यातून प्रसिद्ध होई. २०१०मध्ये फेसबुकवरील ‘लाइक’ याच रीतीने पळवले जाऊ लागले.

८/ बचावाची पहिली फळी जावास्क्रिप्टची होती : ‘मी कोणाच्या चौकटीत असेन, तर ती फोडून बाहेर पडेन.’ २०१० साली स्टॅनफर्ड आणि कार्नेगी मेलन येथील संशोधकांनी मोठमोठ्या संकेतस्थळांवरील अशा स्क्रिप्ट तपासल्या आणि त्या या ना त्या मार्गाने चुकवता येतात हे दाखवले. एक मार्ग तर विलक्षण होता : ब्राउझरमधील हल्लाविरोधी गाळणीलाच फसवून, बचावाची स्क्रिप्ट हीच हल्ला आहे असे भासवायचे. पहारेकऱ्यानेच दुसऱ्या पहारेकऱ्याला जेरबंद करावे, तसे!

९/ टिकाऊ उपाय वेगळ्या दिशेने आला. २००९ साली मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर ८मध्ये ‘एक्स-फ्रेम-ऑप्शन्स’ हा हेडर आणला. ‘मला कोणाच्याही चौकटीत दाखवू नका’ किंवा ‘फक्त माझ्याच संकेतस्थळाच्या चौकटीत दाखवा’, हे आता सर्व्हर ब्राउझरला आधीच सांगू शकत होता. इतर ब्राउझरांनीही तो स्वीकारला. पुढे कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीच्या दुसऱ्या आवृत्तीतील ‘फ्रेम-अँसेस्टर्स’ या नियमाने परवानगी असलेल्या संकेतस्थळांची यादीच देता येऊ लागली. २०१६मध्ये त्या आवृत्तीला डब्ल्यूथ्रीसीची अधिकृत मान्यता मिळाली.

१०/ २०२०पासून क्रोमने आणखी एक पाऊल टाकले : संकेतस्थळाने वेगळे सांगितले नसेल, तर परक्या चौकटीत उघडलेल्या पानाला कुकी पाठवायचीच नाही. मग चौकटीतले पान लॉगिनविना उघडते आणि पळवलेले क्लिक वाया जाते. तरीही संकेतस्थळ उभारणाऱ्याने ‘फ्रेम-अँसेस्टर्स’ लावावाच आणि पैसे पाठवणे, खाते मिटवणे अशा कृतींआधी पासवर्ड पुन्हा विचारावा.

११/ या इतिहासाचा बोध एवढाच की, जे दिसतच नाही त्याविषयी ‘सावध राहा’ असे वापरकर्त्याला बजावणे म्हणजे जबाबदारी झटकणे होय. बक्षिसाचे बटण दाबणाऱ्याची नजर कमी पडली नव्हती. त्याला पाहता येईल असे तेथे काही नव्हतेच. आपले पान कोणाच्या चौकटीत दिसावे हे सांगण्याचा हक्क पानाच्या मालकाला मिळाला आणि ते पाळण्याची जबाबदारी ब्राउझरने घेतली, तेव्हाच या हल्ल्याला खरा पायबंद बसू लागला.

(धागा समाप्त)