संघ कुणाचा? – पुणेकर क्रिकेटप्रेमीच्या नजरेतून

स्मरणिका समितीने लेख मागितला तेव्हा विषय सुचेना. पाण्याची टाकी, लिफ्ट, पार्किंग आणि कन्व्हेयन्स यांचा इतिहास लिहायला माझ्यापेक्षा जाणकार मंडळी आपल्याकडे आहेत. म्हणून मी दुसराच इतिहास निवडला. दरवर्षी एप्रिल-मे महिन्यांत आपल्या गेटजवळच्या बाकावर जो वाद रंगतो, त्या वादाचा.

वादातल्या बाजू ठरलेल्या आहेत. बी विंगमधले निवृत्त प्राध्यापक म्हणतात, ‘‘हा खेळ नव्हे, गुरांचा बाजार आहे.’’ आमच्या मजल्यावरचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणतो, ‘‘काका, बाजार असला तरी नियम आहेत ना? सगळ्यांना पैसे सारखेच.’’ तिसरी बाजू फक्त एकच प्रश्न विचारते, ‘‘आमच्या रोहितला काढलंच का?’’ तिन्ही बाजूंच्या तळाशी प्रश्न एकच आहे. संघ कुणाचा? पैसे घालणाऱ्याचा, खेळणाऱ्याचा, की बघणाऱ्याचा? हा प्रश्न आयपीएलच्या कितीतरी आधीचा आहे.

मुंबईत 1907 साली तिरंगी, 1912 पासून चौरंगी आणि 1937 पासून पंचरंगी सामने होत. संघ धर्माप्रमाणे असत: युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान आणि शेवटी ‘इतर’. संघाची निवड जिमखान्यांच्या हाती असे. मैदानावर गर्दी करणारा प्रेक्षक संघाला ‘आपला’ म्हणे, पण कर्णधार कोण हे जिमखान्याची समिती ठरवी.

यात सगळ्यात मोठा अन्याय झाला तो पुण्यात घडलेल्या एका खेळाडूवर. बाळू पालवणकर पुण्यात इंग्रजांच्या क्लबात मैदानाची निगा राखायच्या नोकरीवर होते. इंग्रज साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करता करता ते देशातले उत्तम डावखुरे फिरकी गोलंदाज झाले. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. पण जन्म चर्मकार समाजातला, म्हणून हिंदू संघाच्या कर्णधारपदी त्यांची नेमणूक कधीच झाली नाही. 1920 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाच्या निषेधार्थ खेळायला नकार दिला. वर्तमानपत्रांतून आणि लोकांतून चर्चा झाली, आणि 1923 मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. संघाच्या चालकांना जाब विचारायची आपली परंपरा इतकी जुनी आहे. धर्मावर आधारलेली ही स्पर्धा 1946 नंतर बंद पडली. ते बरंच झालं.

त्यानंतरचा काळ मी स्वतः जवळून पाहिला. तो कंपन्यांच्या आणि बँकांच्या संघांचा काळ. सुनील गावसकर निरलॉनचे, एकनाथ सोलकर मफतलालचे, अजित वाडेकर स्टेट बँकेचे. टाइम्स शील्डच्या सामन्यांना कचेऱ्याच्या कचेऱ्या मैदानावर लोटत. आमच्या बँकेतही खेळाडू होते. सकाळी मस्टरवर सही करायची आणि अकरा वाजता किट घेऊन नेट्सला जायचं, असा त्यांचा शिरस्ता. त्यांचं लेजर आम्ही लिहायचो आणि कुरकुर करायचो. पण सोमवारी त्याने शतक ठोकल्याचं कळलं की तेच लेजर हसत हसत ओढायचो.

त्या व्यवस्थेत मालक बँक होती, पण खेळाडू हा नोकर होता, विकायचा माल नव्हता. पोटरी दुखावली म्हणून त्याची नोकरी जात नसे. चाळिशीत खेळ संपला तरी काउंटरवरची खुर्ची त्याची वाट पाहत असे, आणि शेवटी पेन्शन होतीच. ‘ट्रान्सफर’ हा शब्द आम्हालाही माहीत होता, पण त्याचा अर्थ एवढाच की ऑर्डर आली, सामान बांधा आणि नागपूर गाठा! त्याबद्दल कुणी कुणाला फी देत नसे. मात्र त्या काळाचं अवास्तव कौतुकही नको. नोकरीचा पगार सोडला तर खेळाडूच्या हाती फारसं काही पडत नव्हतं. गुणी खेळाडूला भाव मिळाला, यात वाईट काहीच नाही.

मग आलं 2008. जानेवारीत आठ शहरांच्या संघांची विक्री झाली. मुंबईचा संघ सर्वांत महाग, 11 कोटी 19 लाख डॉलरला रिलायन्सने घेतला. सर्वांत स्वस्त जयपूरचा, 6 कोटी 70 लाख डॉलर. 20 फेब्रुवारीला मुंबईत खेळाडूंचा लिलाव झाला आणि महेंद्रसिंग धोनी 15 लाख डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या साधारण सहा कोटी रुपयांना, चेन्नईकडे गेला. ‘लिलाव’ हा शब्द आम्ही बँकवाल्यांनी तोवर थकबाकीदाराच्या मालमत्तेसाठीच वापरला होता, त्यामुळे तो माणसांना लागलेला पाहून चमत्कारिक वाटलं, हे खरं.

पण या व्यवस्थेत एक गोष्ट विचारपूर्वक केली होती. संघ कितीही महाग असो, खेळाडूंवर खर्चायची मर्यादा सर्वांना सारखीच, पहिल्या वर्षी 50 लाख डॉलर. मालकाच्या खिशात किती आहेत याला महत्त्व नाही, लिमिट सगळ्यांचं एक. याचा परिणाम पहिल्याच वर्षी दिसला. सर्वांत स्वस्त जयपूरचा संघ, म्हणजे राजस्थान रॉयल्स, शेन वॉर्नच्या नेतृत्वाखाली विजेता ठरला. आमच्या इंजिनिअर मित्राचा ‘पैसे सारखेच’ हा मुद्दा इथे शंभर टक्के बरोबर आहे.

शिवाय सचिन मुंबईला, गांगुली कोलकात्याला, द्रविड बंगळूरला, युवराज मोहालीला आणि सेहवाग दिल्लीला, असे पाच ‘आयकॉन’ खेळाडू लिलावाबाहेर ठेवून आपापल्या शहरांना दिले होते. कारण उघड आहे. आपला माणूस असल्याशिवाय लोक संघाला आपला म्हणणार नाहीत, हे आयोजकांना पक्कं ठाऊक होतं.

पण ही आपुलकी मालकाला बांधून ठेवत नाही. 2011 च्या लिलावात सौरव गांगुलीवर कुणीच बोली लावली नाही, त्याच्या कोलकात्यानेही नाही. तिथे लोक रस्त्यावर उतरले. ‘दादा नाही तर नाइट रायडर्स नाही’ अशा घोषणा झाल्या. शेवटी त्याला आपल्या पुण्याने, म्हणजे पुणे वॉरियर्सने घेतलं. मे 2012 मध्ये तो पुण्याचा कर्णधार म्हणून ईडन गार्डन्सवर उतरला, तेव्हा यजमान संघ कोणता, असा प्रश्न पडावा इतका जल्लोष त्याच्यासाठी झाला. प्रेक्षकांनी मालकाला दिलेलं उत्तरच होतं ते.

आणि आपण पुणेकर? आपल्या नशिबी एक नाही, दोन संघ आले आणि दोन्ही गेले. पुणे वॉरियर्स सहाराने 2010 मध्ये 37 कोटी डॉलरला घेतला होता. तोवरची ती सर्वांत मोठी किंमत. तीन हंगाम खेळून 2013 मध्ये तो बंद पडला. मग 2016 आणि 2017 या दोन वर्षांपुरता रायझिंग पुणे आला. 2016 मध्ये दुष्काळामुळे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर न्यायला सांगितले. मैदानाला पाणी मारायचं की माणसांना द्यायचं, या प्रश्नाचं उत्तर टँकरचं बिल भरणाऱ्या आपल्यासारख्या सोसायटीला वेगळं सांगायला नको. संघाने मात्र उरलेल्या सामन्यांसाठी आपलं घर थेट विशाखापट्टणमला हलवलं. नावात पुणे, घर आंध्रात!

2017 मध्ये याच संघात बेन स्टोक्स साडेचौदा कोटींचा आणि आपल्या महाराष्ट्राचा राहुल त्रिपाठी दहा लाखांचा. एकाच जर्सीत. त्रिपाठीने कोलकात्याविरुद्ध 93 धावा केल्या त्या रात्री आपल्या क्लब हाऊसमध्ये कोण नाचलं होतं, ती नावं मी छापत नाही. संघ अंतिम सामन्यात पोचला, मुंबईकडून एका धावेने हरला, आणि दोन वर्षांची मुदत संपली म्हणून विसर्जित झाला. त्याच्या मालकांनी पुढे 2021 मध्ये 7090 कोटींना लखनौचा संघ घेतला. त्यांचं काही चुकलं असं नाही, करारच तसा होता. पण जर्सी विकत घेतलेल्या मुलांना हे कुणी समजावून सांगायचं? मालक दुसरं शहर घेऊ शकतो, खेळाडू दुसरा संघ घेऊ शकतो. बघणाऱ्याला मात्र दुसरं गाव नसतं.

पुण्याला ती दोन वर्षं मिळाली ती का, हेही विसरू नये. क्रिकेट बोर्डाचा पूर्वी साधा नियम होता, की बोर्डाच्या पदाधिकाऱ्याचे बोर्डाच्या व्यवहारात आर्थिक हितसंबंध नसावेत. सप्टेंबर 2008 मध्ये त्यात दुरुस्ती होऊन आयपीएलला त्यातून वगळलं गेलं. तेव्हा बोर्डाचे खजिनदार असलेले एन. श्रीनिवासन हे चेन्नई संघाची मालकी असलेल्या इंडिया सिमेंट्सचे व्यवस्थापकीय संचालक होते. आपल्या भाषेत सांगायचं तर सोसायटीचा खजिनदारच रंगकामाचा कंत्राटदार, आणि हे चालेल असा ठराव समितीनेच करून टाकला! 2013 मध्ये सट्टेबाजीचं प्रकरण बाहेर आलं. जानेवारी 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द ठरवली आणि जुलैमध्ये लोढा समितीने चेन्नई आणि राजस्थान या संघांना दोन वर्षांसाठी बाहेर बसवलं. रिकाम्या जागांपैकी एक पुण्याला मिळाली. बँकेत चाळीस वर्षं आम्हाला एकच धडा शिकवला जायचा. कर्ज मागणारा आणि मंजूर करणारा एकच असता कामा नये. क्रिकेट बोर्डाला तो शिकायला सात वर्षं आणि सर्वोच्च न्यायालय लागलं.

आता खेळाडूंच्या अदलाबदलीकडे येतो, कारण बाकावरचा आवाज सगळ्यात जास्त इथेच चढतो. 2010 मध्ये रवींद्र जडेजाला एक वर्ष आयपीएलबाहेर बसावं लागलं. गुन्हा काय? राजस्थानशी करार न करता त्याने थेट मुंबईशी बोलणी केली. एकवीस वर्षांचा मुलगा! पुढे बदल्यांसाठी अधिकृत मुदत ठरली, नियम झाले. नोव्हेंबर 2023 मध्ये त्याच नियमांनुसार हार्दिक पंड्या गुजरातमधून मुंबईत आला. गुजरातला पहिल्याच वर्षी विजेतेपद आणि पुढच्या वर्षी उपविजेतेपद मिळवून देणारा कर्णधार. त्याच्या पंधरा कोटींसाठी जागा करायला मुंबईने कॅमेरॉन ग्रीनला साडेसतरा कोटींना बंगळूरकडे पाठवलं. डिसेंबरमध्ये पाच विजेतेपदं जिंकून देणाऱ्या रोहित शर्माच्या जागी हार्दिक कर्णधार झाला.

पुढचं सगळ्यांना आठवत असेल. अहमदाबादेत हुर्यो झाली ती समजू शकतो, पण 1 एप्रिल 2024 ला खुद्द वानखेडेवर, आपल्याच कर्णधाराची हुर्यो झाली. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. मुंबई त्या वर्षी तळाला, दहाव्या क्रमांकावर गेली. आणि तीनच महिन्यांनी, 4 जुलैला, विश्वचषक घेऊन आलेल्या त्याच हार्दिकच्या नावाचा त्याच वानखेडेवर गजर झाला. अंतिम सामन्याचं शेवटचं षटक त्याने टाकलं होतं.

मला त्या हुर्योबद्दल वाईट वाटलं, कारण राग चुकीच्या पत्त्यावर गेला. निर्णय मालकाचा आणि शिव्या नोकराला! बदलीची ऑर्डर हेड ऑफिस काढतं आणि ग्राहक काउंटरवरच्या क्लार्कवर ओरडतो, तसंच हे. खरा प्रश्न निराळा होता, आणि तो फार थोड्यांनी विचारला. अशा बदलीत खेळाडूच्या पगाराखेरीज एक संघ दुसऱ्याला जी ट्रान्सफर फी देतो, ती खर्चाच्या मर्यादेत धरली जात नाही आणि जाहीरही होत नाही. म्हणजे पुढच्या दाराने सगळ्यांना लिमिट सारखं, आणि मागच्या दाराने ज्याची तिजोरी मोठी त्याचं बळ मोठं. ‘पैसे सारखेच’ या तत्त्वाला इथे भोक पडतं. एक मात्र मान्य करायला हवं. बदलीला खेळाडूची संमती लागते. लिलावात तेवढीही विचारपूस नाही. आणि काळाचा खेळ बघा, ज्या राजस्थानशी करार न केल्याबद्दल जडेजाला शिक्षा झाली, त्याच राजस्थानकडे नोव्हेंबर 2025 मध्ये तो संजू सॅमसनच्या बदल्यात रीतसर गेला.

जगात याला दुसरे मार्ग आहेत. जर्मनीत फुटबॉल क्लबांच्या बाबतीत, काही अपवाद सोडले तर, मतांचं बहुमत सभासदांकडेच राहावं असा नियम आहे. अमेरिकेत ग्रीन बे पॅकर्स हा फुटबॉल संघ 1923 पासून सामान्य भागधारकांचा आहे. त्या भागावर लाभांश नाही, पण संघ गावातून कुणी उचलून नेऊ शकत नाही. सहकारी संस्थेत राहणाऱ्या आपल्याला हे नवीन नाही. वन बीएचके असो की थ्री बीएचके, सभेत मत एकच.

आयपीएलमध्ये उद्या असं होईल इतका मी भोळा नाही. हजारो कोटी घालणारा माणूस मला मत देणार नाही. पण मालकी नसली तरी हिशेब मागायचा हक्क राहतोच, कारण ही सगळी उलाढाल शेवटी आपण बघतो म्हणून चालते. आपल्या सोसायटीत पाणी गळतीच्या दुरुस्तीचासुद्धा खर्च नोटीस बोर्डावर लागतो. पंचवीस वर्षं आपण भांडलो, पण एकमेकांवर विश्वास ठेवून राहिलो, त्याचं मोठं कारण तो कागद आहे. तेवढाच एक कागद आयपीएलनेही लावावा: कोणता खेळाडू, कुठून कुठे, एकूण किती रुपयांना. मग हुर्यो कुणाची करायची आणि टाळ्या कुणाला द्यायच्या, हे प्रेक्षक बरोबर ठरवतील.

सर्व सभासदांना रौप्यमहोत्सवी वर्षाच्या मनःपूर्वक शुभेच्छा!