पाणातिपाता वेरमणी : पहिल्या शीलाचा अर्थ आणि रमाबाई नगरचा दाखला

विहारात आपण त्रिसरण-पंचशील घेतो, तेव्हा पहिले शील असते प्राणिहत्येपासून अलिप्त राहण्याचे. ते सगळ्यांना तोंडपाठ आहे, म्हणूनच त्याच्या अर्थाकडे लक्ष कमी जाते. घाटकोपर-मुलुंडच्या वस्त्यांमध्ये युवकांसोबत काम करताना आम्हाला दोन प्रश्न हमखास विचारले जातात. हे शील म्हणजे शाकाहार का? आणि आपल्यावर अन्याय झाला तरी गप्प बसायचे का? दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असे आहे. ते का, हे समजून घेऊ.

शीलाचा अर्थ

'पाण' म्हणजे जीव, 'अतिपात' म्हणजे त्याची हत्या, 'वेरमणी' म्हणजे त्यापासून परावृत्त होणे. 'सिक्खापद' म्हणजे शिकण्याचा नियम आणि 'समादियामि' म्हणजे मी तो स्वतः स्वीकारतो. इथे कुणा देवाची आज्ञा नाही. हा आपण आपल्याला दिलेला शब्द आहे.

हे शील केव्हा मोडते, याची पाच अंगे अट्ठकथांमध्ये सांगितली आहेत : समोर जीव असणे, तो जिवंत आहे हे माहीत असणे, मारण्याचा हेतू असणे, त्यासाठी प्रयत्न करणे आणि त्या प्रयत्नाने मृत्यू होणे. नकळत पायाखाली मुंगी आली तर शीलभंग होत नाही. उलट, स्वतः हात न उचलता दुसऱ्याला मारायला सांगणाऱ्याचे शील मात्र मोडते.

आहाराबाबत जीवक सुत्तात भिक्खूंसाठी नियम आहे. प्राणी खास आपल्यासाठी मारला असे पाहिले, ऐकले किंवा तशी शंका आली, तर ते मांस घेऊ नये. उपासकाने शस्त्रे, जीव, मांस, मादक पदार्थ आणि विष यांचा व्यापार करू नये, असेही तथागतांनी सांगितले आहे.

बाबासाहेबांची मांडणी

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ मध्ये प्रकाशित झाला. त्यात ते मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक करतात. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नाही, असे ते मांडतात. तत्त्व माणसाला विचार करायला लावते, म्हणून जबाबदारीही त्याच्यावरच येते.

बाबासाहेबांनी हे आधी आचरणातही दाखवले होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यानंतर परिषदेच्या प्रतिनिधींवर हल्ला झाला. प्रतिकाराला तयार असलेल्या आपल्या माणसांना बाबासाहेबांनी आवरले. पुढे हल्लेखोरांवर खटला चालून काहींना शिक्षा झाली. तळ्याच्या हक्काचा दावा मात्र १९३७ पर्यंत चालला आणि मुंबई उच्च न्यायालयात तो आपल्या बाजूने लागला. त्यांनी हात आवरला, पण हक्क सोडला नाही.

रमाबाई नगर, १९९७

११ जुलै १९९७ रोजी सकाळी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरातील बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला दिसला. लोक संतापून महामार्गावर उतरले. राज्य राखीव पोलीस दलाच्या तुकडीने गोळीबार केला आणि दहा जणांचा जीव गेला. जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता, असा पोलिसांचा बचाव होता. न्यायमूर्ती गुंडेवार आयोगाने तो मान्य केला नाही आणि गोळीबार असमर्थनीय ठरवला. म्हणजे मारण्याची गरज नव्हती. २००९ मध्ये सत्र न्यायालयाने उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सदोष मनुष्यवधासाठी जन्मठेप सुनावली. पुढे उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

इथे पहिले शील मोडले ते गोळीबाराच्या आदेशाने. न्याय मागणाऱ्यांनी साक्षी दिल्या, तारखांना हजेरी लावली आणि खटला बारा वर्षे लावून धरला. याला कुणी दुबळेपणा म्हणत असेल, तर त्याने इतकी वर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढून पाहाव्यात.

या घटनेनंतर काही दिवसांतच मुलुंडच्या वस्तीत राहणारे लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. त्यांना दोष देण्याचा अधिकार कुणालाच नाही. पण आपला जीवही 'पाण'च आहे, याची आठवण आपण एकमेकांना ठेवून दिली पाहिजे. चळवळीतला साथी अबोल झाला, बैठकींना येईनासा झाला, तर त्याच्या घरी जा. 'टेली मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक वस्तीतल्या प्रत्येक विहारात लावायला हवा.

आज काय करायचे?

राग येणे म्हणजे शीलभंग नव्हे. त्या रागाचे मारण्याच्या हेतूत रूपांतर होऊ न देणे, हाच शीलाचा अभ्यास आहे. विटंबनेसारखा प्रसंग आला तर :

• जागेभोवती साखळी करा, पंचनामा होईपर्यंत कशालाही हात लावू देऊ नका.
• फोटो, वेळ आणि साक्षीदारांची नावे लगेच नोंदवा.
• ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याचा आग्रह धरा. २०१५ च्या दुरुस्तीने पुतळे, प्रतिमा आणि आदरणीय दिवंगत व्यक्तींचा अवमान त्यात स्पष्टपणे आला आहे.
• चिथावणारा संदेश पुढे पाठवू नका. दुसऱ्याला मारायला सांगणे हाही या शीलाचा भंग आहे.
• लहान मुले आणि वृद्धांना गर्दीतून आधी घरी पोचवा.

ही कामे वेळेवर कोण करणार, हे पुढच्या रविवारी वंदनेनंतर आपल्या विहारात नावानिशी ठरवून ठेवा.