मोहाचे फूल व अबकारीचे खाते

चैत्राच्या सुमारास पहाटे नागपुराहून रामटेककडे वा खाली चंद्रपुराकडे जाणाऱ्यास मोहाची ओळख निराळी करून द्यावयास नको. वाऱ्यावर येणारा गोडसर, काहीसा उग्र वास ती ओळख आपणच करून देतो. आपल्या सुशिक्षित घरांत मात्र मोह म्हणजे दारू, एवढेच ठाऊक असते, आणि तेही नाक मुरडून. वास्तविक 'कुमारसंभवा'त पार्वतीच्या विवाहप्रसंगी तिच्या केशपाशाभोवती दूर्वांसह गुंफलेली माळ याच मधूकपुष्पांची आहे. 'रघुवंशा'त स्वयंवरास निघालेल्या इंदुमतीची माळही तीच. चरकसंहितेने ग्रहणीच्या चिकित्सेत मधूकासव सांगितले आहे. तेव्हा या फुलाचे मद्य म्हणजे केवळ रानातील अडाण्यांची खोड, असे म्हणणाऱ्यांनी आपल्याच पोथ्या पुन्हा एकदा चाळाव्यात हे बरे.

हे फूल तोडावे लागत नाही. मार्च-एप्रिलात ते पहाटे आपोआप गळते. झाडाखालचा पाचोळा आधीच झाडून वा जाळून ठेवलेला असतो आणि अस्वलांच्या आधी पोहोचावे म्हणून बायका-मुले उजाडण्यापूर्वीच टोपल्या घेऊन निघतात. वाळलेले फूल मनुकेसारखे दिसते व त्याच्या वजनाचा निम्म्याच्या आसपास भाग साखरच असतो. म्हणूनच 1896-97 आणि 1899-1900 सारख्या दुष्काळांनी होरपळलेल्या या मुलखात धान्य सरले की मोहफुले शिजवून खाणे हा गोरगरिबांचा आधार असे. उरलेली फुले मडक्यात भिजवून काही दिवस आंबवावयाची, मडके चुलीवर चढवावयाचे आणि वाफ बांबूच्या नळीने थंड पाण्यात ठेवलेल्या भांड्यात उतरवावयाची, एवढीच ती कृती. गोंडांच्या घरी जन्म, लग्न, मरण यांपैकी कोणताही विधी या दारूवाचून होत नसे. देवाच्या व पूर्वजांच्या नावे थोडी जमिनीवर सांडल्याशिवाय कोणी पीत नसे.

भोसल्यांचे राज्य 1853 मध्ये खालसा झाले, 1861 मध्ये नागपूर मध्यप्रांताची राजधानी झाले, आणि हे मडके सरकारी हिशेबाच्या वहीत आले. दारू गाळण्याचा हक्क परवानेदाराचा ठरला व घरची भट्टी हा गुन्हा झाला. पलीकडे मुंबई इलाख्यात तर त्याहून नवल घडले. 1878 च्या अबकारी कायद्याने भागेना म्हणून 1892 मध्ये ठाणे व कुलाबा या जिल्ह्यांसाठी मोहफुलांचा स्वतंत्र कायदा करण्यात आला. दारू तर राहोच, फूल बाळगण्यावरही निर्बंध आले! त्याच वेळी उरणच्या भट्ट्यांत पंचमहालांतून आणलेल्या त्याच फुलांची दारू सरकारच्या देखरेखीखाली गाळली जात होती. गुन्हा पिण्यात नव्हता. कर न देता पिण्यात होता.

1920 च्या नागपूर काँग्रेसनंतर दारूच्या दुकानांवर निरोधने झाली, तीत सरकारच्या उत्पन्नावर घाव घालण्याचा हेतू उघड होता. परंतु स्वराज्य आल्यावरही फुलावरील पहारा उठला नाही. 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्यात मोहफुलांवरील निर्बंध कायम राहिले, आणि पुढे तो कायदा विदर्भालाही लागू झाला.

येथे एका गोष्टीकडे डोळेझाक करून चालणार नाही. गडचिरोलीत 1993 मध्ये दारूबंदी आली ती लोकांच्या मागणीवरून. तीत नवऱ्याच्या व्यसनाने पोळलेल्या स्त्रियांचा आवाज मोठा होता. मोहाच्या दारूचे कौतुक करणाऱ्या शहरी रसिकाने त्यांच्यासमोर बसून ते करून पाहावे. मात्र विधीपुरती घरी गाळलेली दारू आणि गुत्त्यावर रोज विकली जाणारी दारू यांतला भेद कायद्याने कधी केला नाही, हेही तितकेच खरे.

आता वारे फिरले आहे. गोव्यात डेस्मंड नाझरेथ यांनी 2018 मध्ये मोहाचे मद्य व त्याचेच गोड लिकर बाटलीबंद करून विकावयास काढले. मध्यप्रदेश सरकारने 'वारसा मद्य' म्हणून त्यास मान्यता दिली असून, अलिराजपुरात आदिवासी बचतगटाने गाळलेली दारू 'मोंड' या नावाने बाजारात आली आहे. महाराष्ट्रात 2021 मध्ये मोहफुले गोळा करणे, साठविणे व वाहून नेणे यांवरील बंधने उठली. पहाटे टोपली भरणारी बाई ते फूल आता राजरोस व्यापाऱ्यास विकू शकते. तेच फूल तिने आपल्या चुलीवर चढविले, तर हातभट्टीचा गुन्हा आजही तिच्यावर दाखल होतो.