मातीची पट्टी आणि गिरमिटियांची वस्ती

औषध म्हणून मातीचा उपयोग ही भारतवासीयांस नवी गोष्ट नाही. चरकसंहितेत ऊरुस्तंभ या व्याधीवर वारुळाची माती अंगास चोळण्याचा उपचार सांगितलेला आहे, आणि माती खाल्ल्याने पांडुरोग होतो असा इशाराही त्याच ग्रंथात दिलेला आहे. माती बाहेरून हितकर, पोटात मात्र अहितकर, हा विवेक इतका जुना आहे. तथापि विसाव्या शतकात मातीच्या पट्टीला जी प्रतिष्ठा लाभली ती या ग्रंथांमुळे नव्हे. ती कल्पना जर्मनीत वाढली, आणि भारतात पोहोचली ती दक्षिण आफ्रिकेतून. तिची सर्वांत कठीण परीक्षा झाली तीही तेथील हिंदी मजुरांमध्येच.

जर्मनीतील हार्झ पर्वतात १८९६ साली आडोल्फ युस्ट यांनी एक निसर्गोपचारगृह स्थापिले आणि मनुष्याने निसर्गाकडे परतावे असे सांगणारा ग्रंथ लिहिला. त्याच सुमारास फेल्के नामक एक पाद्री रोग्यांस चिखलाने भरलेल्या खड्ड्यांत बसवीत. लोक त्यांस ‘मातीचा पाद्री’ म्हणूनच ओळखीत. युस्ट यांचा ग्रंथ जोहान्सबर्ग येथील एका शाकाहारी उपाहारगृहाच्या चालकाने गांधीजींच्या हाती ठेवला. १९०१ साली काही दिवस मॉरिशस येथे थांबून स्वदेशी गेलेले गांधीजी १९०२ च्या अखेरीस पुन्हा दक्षिण आफ्रिकेत आले होते, आणि बद्धकोष्ठाच्या जुन्या विकाराने त्रस्त होते. न्याहारी सोडल्याने त्यांची डोकेदुखी थांबली, कूने यांच्या कटिस्नानाने थोडा आराम पडला, परंतु विकार हटला नाही. मग स्वच्छ माती थंड पाण्यात भिजवून, बारीक कापडावर पोटिसाप्रमाणे पसरून, रात्री निजताना पोटावर बांधण्याचा प्रयोग त्यांनी केला, आणि त्याने गुण आला. पुढे मुलगा रामदास याचा हात बोटीवर खेळताना दुखावला, तेव्हा त्या जखमेवरही त्यांनी मातीच्याच पट्ट्या बांधल्या. हे धाडस होते, हे म्हटल्याशिवाय राहवत नाही.

खरी परीक्षा झाली ती मार्च १९०४ मध्ये. जोहान्सबर्गच्या ज्या भागास गोरे लोक ‘कुली लोकेशन’ म्हणत, तेथील कित्येक कुटुंबे नाताळमधील गिरमिट संपवून पोटामागे आलेली होती. वस्ती नगरपालिकेच्या ताब्यात गेली होती. परंतु दाटी वाढत होती आणि सफाईकडे कोणी पाहत नव्हते. अशा वेळी जवळच्या सोन्याच्या खाणीत काम करणारे २३ हिंदी मजूर एका सायंकाळी तापाने फणफणत वस्तीत परतले. हा फुप्फुसाचा प्लेग होता. ‘इंडियन ओपिनियन’ पत्राच्या वर्गणीसाठी फिरणारे मदनजीत योगायोगाने तेथे होते. त्यांनी एका रिकाम्या घराचे कुलूप फोडून रोगी आत नेले आणि पेन्सिलीने चिठी लिहून गांधीजींस बोलावून घेतले. गांधीजी सायकलीवरून आले. डॉ. विल्यम गॉडफ्रे आले. गांधीजींच्या कचेरीतील चार तरुण कारकूनही आले. आपल्या पाठीमागे मोठा कुटुंबकबिला नाही, एवढीच त्यांची सोय. ती रात्र रोग्यांस पाणी देणे, बिछाने साफ करणे, धीर देणे यांत गेली.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेने एक रिकामे गोदाम दिले, एक परिचारिका पाठविली, आणि ब्रँडीही पाठविली. रोग्यांस वारंवार ब्रँडी द्यावी व शुश्रूषा करणारांनीही घ्यावी, अशी त्या काळची समजूत होती. गांधीजींचा ब्रँडीवर विश्वास नव्हता. जे तिघे रोगी ब्रँडीवाचून राहण्यास कबूल झाले, त्यांच्या डोक्यावर व छातीवर डॉ. गॉडफ्रे यांच्या संमतीने ओल्या मातीच्या पट्ट्या ठेवण्यात आल्या. आत्मकथेतील नोंदीप्रमाणे त्यांपैकी दोघे वाचले. उरलेले वीसजण त्या गोदामातच मरण पावले. ती परिचारिकाही प्लेगलाच बळी पडली. पुढे वस्ती रिकामी करून जाळून टाकण्यात आली आणि रहिवाशांस शहराबाहेर क्लिपस्प्रूट येथे तंबूंत नेऊन ठेवण्यात आले.

एवढ्यावरून मातीने प्लेग बरा होतो असा डांगोरा पिटणे सोपे होते. गांधीजींनी तसे केले नाही. ते दोघे कसे वाचले हे सांगता येत नाही. मातीवरील आपली श्रद्धा या अनुभवाने वाढली, परंतु तिला भक्कम आधार नाही, हेही त्यांनी स्पष्ट लिहून ठेवले. मातीच्या उपचारांवर पुढे लिहिणाऱ्या अनेकांनी पहिला भाग उचलला आणि दुसरा वगळला. ब्रँडी नाकारण्याइतके भान ज्यांस होते ते तिघे मुळात कमी आजारी असतील, हीही शक्यता आहेच.

प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँग येथे सापडला होता, परंतु त्यावर खात्रीचे औषध, स्ट्रेप्टोमायसिन, मिळण्यास १९४० चे दशक उजाडावे लागले. तोवर शुश्रूषा हाच उपाय, आणि तो करणाराने स्वतःचा जीव पणास लावावयाचा. पुण्याजवळ १८९७ साली सावित्रीबाई फुले अशाच शुश्रूषेत निवर्तल्या. ओल्या मातीचा गुण साधा आहे: तिच्यातील पाणी सावकाश उडते आणि अंगाची उष्णता घेऊन जाते, म्हणून तापलेल्या कपाळास थंडावा मिळतो. फुप्फुसातील जंतू त्याने मरत नाहीत. उलट मातीत धनुर्वाताचे जंतू असतात; उघड्या जखमेस किंवा नवजात बालकाच्या नाळेस माती लावण्याच्या चालीने कित्येक घरे दुःखात लोटली आहेत.

मातीची ही पट्टी अखेर महाराष्ट्रात येऊन स्थिरावली. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना गांधीजींनी १९४२ साली आरोग्यावर पुस्तक लिहिले. त्यात तीन इंच रुंद, सहा इंच लांब आणि अर्धा इंच जाड अशा पट्टीचे मापही दिले आहे. माती खत घातलेल्या शेतातली नसावी, बारीक चाळणीने चाळावी, स्वच्छतेविषयी शंका असल्यास चांगली तापवावी, असे ते बजावतात. विंचवाच्या दंशावर ती हमखास चालते असा दावा ते करीत नाहीत. सुटकेनंतर पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचारगृहात काम करून पाहिल्यावर, शहरातील अशी संस्था गरिबांच्या उपयोगाची नव्हे असे त्यांस वाटले. मार्च १९४६ मध्ये ते पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटरवरील उरुळी कांचन या खेड्यात गेले, काही दिवस स्वतः रोगी तपासले, आणि काम मणिभाई देसाई यांच्या हाती सोपवून निघाले. विनोबांचे बंधू बाळकोबा भावे यांनीही त्या आश्रमाची धुरा पुढे दीर्घकाळ वाहिली. आजही तेथे येणाऱ्या रोग्यांच्या पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवली जाते.