केसपेपर ते आभा कार्ड : आजारपणाची नोंद कशी बदलत गेली आणि ती आपल्या कामी कधी येते

ठाणे : भात लावणीच्या दिवसांत मुरबाड, शहापूरकडे सर्पदंशाचा पेशंट आला की त्याचा प्रवास ठरलेला असतो. आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र. मग मुरबाडचं ग्रामीण किंवा शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय. तिथं भागलं नाही तर उल्हासनगरचं मध्यवर्ती, ठाण्याचं सिव्हिल नाहीतर कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. प्रत्येक ठिकाणी नवा केसपेपर निघतो आणि तेच प्रश्न विचारले जातात. कधी चावला? पहिलं इंजेक्शन किती वाजता दिलं? लसीच्या किती बाटल्या गेल्या? सोबत आलेल्या माणसाला पहिल्याचं उत्तर माहीत असतं, पुढच्या दोनांचं बहुतेक नसतं.

ही माहिती किरकोळ नाही. सर्पविषावरची लस किती गेली आणि रक्त गोठतं की नाही हे बघण्याची २० मिनिटांची चाचणी काय आली, यावर पुढचा डोस ठरतो. हे सगळं पहिल्या दवाखान्यात कुठंतरी लिहिलेलं असतंच. पण ते पेशंटच्या आधी किंवा निदान पेशंटबरोबर पुढच्या डॉक्टरपर्यंत पोचतं का, हा खरा प्रश्न. आज ते काम रेफर चिठ्ठी करते. इलेक्ट्रॉनिक हेल्थ रेकॉर्ड, म्हणजे संगणकावरची आरोग्य नोंद, हेच काम अधिक चांगलं करेल असं गेली कित्येक वर्षं सांगितलं जातंय. ते कुठवर आलंय ते पाहू.

कागद कोणाचा?

सरकारी दवाखान्यात नोंदी दोन प्रकारच्या. ओपीडीचा केसपेपर पेशंटच्या हातात दिला जातो. तो घरी पत्र्याच्या पेटीत, पिशवीत नाहीतर देव्हाऱ्यामागं जातो. अ‍ॅडमिट झालेल्याचे इनडोअर पेपर मात्र दवाखान्यात राहतात. पेशंटला मिळतं ते डिस्चार्ज कार्ड. राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचे पैसे घेणं बंद झालं. महापालिकेच्या रुग्णालयांचा कारभार वेगळा, हे कळवा, कल्याणचं रुक्मिणीबाई किंवा डोंबिवलीचं शास्त्रीनगर रुग्णालय इथं जाताना लक्षात ठेवावं.

पूर्वी समज असा होता की कागद डॉक्टरचा, पेशंटनं विचारायचं नाही. १९९६ साली मुंबई उच्च न्यायालयानं सांगितलं की रुग्णानं किंवा त्याच्या जवळच्या नातेवाइकानं मागितल्यावर गुप्ततेचं कारण देऊन कागद नाकारता येत नाहीत. पुढं २००२ साली भारतीय वैद्यकीय परिषदेच्या नियमांत ते पक्कं झालं. डॉक्टरनं दाखल रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायची आणि मागणी आल्यावर ७२ तासांत द्यायची. त्याच नियमांत एक छोटं कलम आहे, ज्याकडं फारसं कुणी बघत नाही. कागद पटकन सापडावेत म्हणून नोंदी संगणकावर आणण्याचा प्रयत्न करावा, असं ते सांगतं. म्हणजे २००२ मध्ये संगणकाकडून अपेक्षा काय होती, तर कागद लवकर सापडला पाहिजे. एवढीच.

बाहेरच्या देशांत काय झालं

अपेक्षा वाढत कशा गेल्या ते अमेरिकेत नीट दिसतं, कारण तिथं याची सुरुवात लवकर झाली. १९६८ साली लॉरेन्स वीड नावाच्या डॉक्टरनं एक साधी गोष्ट मांडली. दवाखान्यातले कागद तारखेनुसार एकावर एक रचलेले असतात. आज ताप, परवा खोकला, पुढच्या महिन्यात साखर. त्यातून त्या माणसाला एकूण दुखणी किती आणि कुठली ते कळत नाही. म्हणून आधी दुखण्यांची यादी करा आणि प्रत्येक नोंद त्या त्या दुखण्याखाली लिहा, असं वीड यांचं म्हणणं होतं.

१९७२ पासून इंडियानापोलिस शहरात संगणकावर नोंदी ठेवायला सुरुवात झाली. तिथल्या क्लेमेंट मॅकडोनाल्ड या डॉक्टरनं १९७६ साली दाखवून दिलं की संगणकानं आठवण करून दिली तर डॉक्टरच्या हातून राहून जाणाऱ्या गोष्टी कमी होतात. डॉक्टर हुशार नसतो म्हणून गोष्टी राहत नाहीत. ओपीडीत लाईन लागलेली असते आणि माणसाचं डोकं सगळं धरून ठेवू शकत नाही, म्हणून राहतात. इथून नोंदीचं काम बदललं. ती कपाटातला कागद राहिली नाही, शेजारी उभं राहून टोकणारी झाली. या गोळ्या चालू असताना ही दुसरी देऊ नका, या बाईला अमुक औषधाची अ‍ॅलर्जी आहे, असं.

२००३ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं अशा नोंदवहीनं करायची ८ कामं सांगितली. माहिती ठेवणं, तपासण्यांचे निकाल दाखवणं, औषधं-तपासण्यांचे आदेश संगणकावरून देणं, डॉक्टरला निर्णयात मदत, दुसऱ्या दवाखान्याशी संपर्क, पेशंटला स्वतःची काळजी घ्यायला मदत, कार्यालयीन कामकाज आणि शेवटी साथरोग व सार्वजनिक आरोग्यासाठी आकडे. २००९ साली तिथं कायदा करून, ही यंत्रणा नीट वापरणाऱ्या डॉक्टर-दवाखान्यांना सरकारनं पैसे दिले. यंत्रणा पसरली. पण डॉक्टर पेशंटकडं कमी आणि पडद्याकडं जास्त बघतो, ही तक्रारही पसरली. आपल्याकडं ती अजून यायची आहे.

आपल्याकडं सुरुवात मोजणीपासून झाली

जन्म-मृत्यूचे दाखले संगणकावर यायला फार त्रास झाला नाही. कल्याण-डोंबिवली महापालिकेनं या शतकाच्या सुरुवातीलाच अशी कामं संगणकावर आणली आणि तेव्हा राज्यात त्याचं नाव झालं होतं. पण जन्म एकदाच होतो, त्याची नोंदही एकदाच. आजारपणाची नोंद चालू असते. ती आज कसाऱ्यात, उद्या कल्याणात आणि परवा परेलला लिहिली जाते.

गावपातळीवर आधी आले ते कार्यक्रमांचे पोर्टल. २००९ च्या सुमारास गरोदर माता आणि बाळांची नावानिशी ऑनलाइन नोंद सुरू झाली. त्याआधी नर्सबाईंच्या रजिस्टरमधून वर फक्त आकडे जायचे, इतक्या माता, इतकी बाळं. २०१२ मध्ये क्षयरुग्णांसाठी निक्षय आलं. तिथं नोंदीला पैशाची जोड मिळाली. उपचार चालू असलेल्या रुग्णाच्या खात्यात एप्रिल २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये पोषणासाठी येऊ लागले, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. नोंद नसेल तर पैसे नाहीत, त्यामुळं रुग्णही आपल्या नोंदीची चौकशी करू लागला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ई-संजीवनी ओपीडी आली, २०२१ मध्ये लशीसाठी कोविन.

यातली गोम अशी की प्रत्येक पोर्टल आपापल्या कामापुरतं आहे. गरोदरपणाचं वेगळं, क्षयाचं वेगळं, बीपी-शुगरचं वेगळं, सिकलसेलचं वेगळं. आशाताई आणि नर्सबाई तीच माहिती रजिस्टरमध्ये लिहितात आणि पुन्हा मोबाईलवर भरतात. माहिती वर जाते. आडवी, म्हणजे एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात, ती सहसा जात नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेलेली मुलगी असो, नाहीतर दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर गेलेलं कातकरी कुटुंब असो, त्यांच्यासोबत जातं ते माता-बाल संरक्षण कार्ड. तेही पिशवीत राहिलं तर.

सातबाऱ्याला जमलं, मग इथं अडतं कुठं?

शेतकऱ्याला हे सातबाऱ्यावरून लगेच कळेल. गट नंबर टाकला की उतारा कुठूनही निघतो, २०१८ पासून डिजिटल सहीचाही मिळतो. हे जमलं कारण राज्यभर नमुना एकच आहे. क्षेत्र म्हणजे क्षेत्र, आकार म्हणजे आकार. दवाखान्यात तसं नाही. रक्तातली साखर कुणी बीएसएल लिहितो, कुणी आरबीएस, कुणी नुसतं शुगर. माणसाला कळतं, संगणकाला ती तीन वेगळी नावं वाटतात. म्हणून केंद्र सरकारनं २०१३ मध्ये आरोग्य नोंदींची मानकं ठरवली आणि २०१६ मध्ये सुधारली. आजारांच्या नावांसाठी स्नोमेड ही जागतिक सांकेतिक यादी आहे, तिचा भारत २०१४ मध्ये सदस्य झाला. या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आपल्या पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे.

एक फरक मात्र आहे. शेजाऱ्याचा सातबारा कुणीही बघू शकतो. शेजाऱ्याचं क्षयाचं, एचआयव्हीचं किंवा गर्भपाताचं रेकॉर्ड कुणीही बघता कामा नये. लग्न जमवताना सिकलसेलची चौकशी होते, हे आदिवासी पाड्यांवर सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून परवानगीचा मुद्दा इथं नुसता कागदोपत्री राहत नाही.

आभा म्हणजे काय, आणि काय नाही

१५ ऑगस्ट २०२० रोजी राष्ट्रीय डिजिटल आरोग्य अभियान जाहीर झालं. आधी ६ केंद्रशासित प्रदेशांत चाचणी झाली आणि २७ सप्टेंबर २०२१ पासून ते देशभर आलं. त्यात मिळणारा १४ अंकी नंबर म्हणजे आभा. पूर्वी त्याला हेल्थ आयडी म्हणत. कोविन लशीच्या वेळी आधार दिलेल्या अनेकांचा हा नंबर तेव्हाच तयार झाला, कित्येकांना त्याचा पत्ताही नव्हता. संमती कशाला म्हणायचं हा प्रश्न तेव्हाच विचारला गेला आणि तो योग्यच होता.

सर्वात मोठा घोटाळा नावाचा आहे. आयुष्मान कार्ड वेगळं, आभा कार्ड वेगळं. आयुष्मान कार्डावर पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत मोफत उपचार मिळतात. आभावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. आभा हा फक्त धागा आहे. त्यात वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या नोंदी ओवल्या जातात. ऑपरेशनच्या वेळी आभा कार्ड पुढं करून ‘आमच्याकडं कार्ड आहे’ म्हणणाऱ्याची फजिती होते.

दुसरी गोष्ट. सगळी माहिती दिल्लीत एका संगणकात जमा होते असं नाही. नोंद जिथं तयार झाली तिथंच राहते. दुसऱ्या डॉक्टरला ती हवी असेल तर मोबाईलवर विनंती येते. कुठली नोंद, किती दिवसांसाठी, हे पेशंटनं ठरवायचं, आणि दिलेली परवानगी काढूनही घेता येते. आभा काढणं ऐच्छिक आहे. नाही म्हणून सरकारी दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत.

आता अनेक रुग्णालयांत खिडकीवर क्यूआर कोड लावलेला दिसतो. तो स्कॅन केला की नाव, वय, पत्ता जातो आणि टोकन मिळतं. लाईन वाचते, चांगलंच आहे. पण टोकन मिळालं म्हणजे रिपोर्ट आभाला जोडला गेला असं नव्हे. त्यासाठी त्या दवाखान्याचं सॉफ्टवेअर जोडलेलं लागतं आणि आत कुणीतरी तो रिपोर्ट भरावा लागतो. राज्याच्या आरोग्य विभागानं रुग्णालयांसाठी सी-डॅकची ई-सुश्रुत प्रणाली घेतली आहे. कळवा, रुक्मिणीबाई, शास्त्रीनगर ही महापालिकांची, आणि खासगीवाल्यांचं प्रत्येकाचं आपलं. साखळीतली एक कडी सुटली तर ग्रामीण रुग्णालयात भरलेली माहिती पुढं दिसत नाही, आणि आपल्या पेशंटच्या वाटेत तीन-चार कड्या सहज असतात.

संगणक बंद पडला तर?

२०२२ साली हे दोनदा दिसलं. जुलैमध्ये राज्याच्या वैद्यकीय शिक्षण विभागाच्या रुग्णालयांतली अनेक वर्षं चाललेली संगणक प्रणाली खासगी कंपनीशी झालेल्या वादात बंद झाली आणि जे.जे.सारखी रुग्णालयं पुन्हा हातानं केसपेपर लिहू लागली. २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला आणि सुमारे दोन आठवडे तिथलं कामही कागदावर चाललं. देशातल्या एवढ्या मोठ्या रुग्णालयाची ही गत, तर वादळी पावसात लाईट गेलेल्या आरोग्य केंद्राचं काय सांगावं? म्हणून तूर्त पेटीतला कागद फेकू नये.

लक्षात ठेवण्यासारखं

पेशंट पुढं पाठवताना रेफर चिठ्ठी मागून घ्यावी. तिच्यावर दिलेलं औषध, मात्रा आणि वेळ लिहिली आहे का ते तिथंच बघावं, आणि गाडीत बसायच्या आधी चिठ्ठीचा मोबाईलवर फोटो काढावा. मूळ चिठ्ठी पुढच्या दवाखान्यात जमा होते आणि परत मिळत नाही, असं नेहमी घडतं.

डिस्चार्जनंतर इनडोअर पेपरची प्रत हवी असेल तर साध्या कागदावर लेखी अर्ज द्यावा आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. ७२ तास तिथून मोजायचे. झेरॉक्सचा खर्च द्यावा लागू शकतो. डामा घेऊन पेशंट हलवला तरी कागद मागता येतात. खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दिसेल अशी लावायची आहे, हे २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांत आलं आहे. अर्ज घ्यायला नकार दिला तर त्या फलकाकडं बोट दाखवावं.

आभा काढलं असेल तर त्याला कुठला मोबाईल नंबर जोडला आहे ते तपासावं. घरात एकच फोन आणि तो मुलाबरोबर डोंबिवलीला, असं असेल तर शहापूरला बसलेल्या आईच्या परवानगीचा ओटीपी मुलाकडं जाणार. आभा मोफत आहे. त्यासाठी कुणी पैसे मागितले किंवा ‘तुमचं आभा बंद पडतंय’ म्हणून फोनवर ओटीपी विचारला, तर फोन ठेवून द्यावा आणि आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात जाऊन विचारावं.