ॲक्सोलॉटल पाळण्याची हौस

मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्कोच्या कालव्यांतला हा सॅलॅमँडर वर्गातील उभयचर जगभर हौसेने पाळला जातो. त्याचे मुख्य आकर्षण म्हणजे कधी न संपणारे बालपण. बेडकाचे पिल्लू कल्ले टाकून जमिनीवर येते. ॲक्सोलॉटल मात्र डोक्यामागचे पिसांसारखे कल्ले मिरवत डिंभावस्थेतच प्रौढ होतो आणि जन्मभर पाण्यात राहतो. रुंद जिवणीमुळे तो सतत हसल्यासारखा दिसतो. ही केवळ जबड्याची ठेवण. तरी पाळणारे नेमके तिथेच भुलतात. तुटलेला पाय हाडांसकट पुन्हा उगवताना पाहणे, हे नवल कुत्र्या-मांजरांच्या धन्यांच्या वाट्याला येत नाही.

1864 साली 34 ॲक्सोलॉटल पॅरिसला आणले गेले. त्यांतल्या काहींची प्राणिशास्त्रज्ञ ओग्यूस्त द्यूमेरील यांनी पैदास केली. काही पिल्लांनी अचानक कल्ले टाकून जमिनीवरच्या सॅलॅमँडरचे रूप घेतले आणि शास्त्रज्ञांचे कुतूहल चाळवले. आज लोकप्रिय असलेला पांढरा वाणही त्याच वंशातला.

ॲक्सोलॉटलची त्वचा नाजूक असल्याने त्याला हाताळू नये; या छंदातला आनंद पाहण्याचा आणि चिमट्याने गांडूळ भरवण्याचा. पाणी 16 ते 18° से. लागते, 24° से.च्या वर तो आजारी पडतो, म्हणून महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात शीतकयंत्राशिवाय हा नाद करू नये. आयुष्य साधारण 10 ते 15 वर्षे. घराघरांतले प्राणी बंदिस्त पैदाशीतले असतात. मूळ कालव्यांत ही जाती अतिसंकटग्रस्त आहे.